मूळ डिस्कच्या सक्तीतून जुन्या खेळांची सुटका व्हावी

मा. संपादक,

स. न. वि. वि.

विकत घेतलेला संगणकीय खेळ हार्ड डिस्कवर पूर्णपणे इन्स्टॉल करून झाल्यानंतरही, तो सुरू करताना दर वेळी मूळ सीडी किंवा डीव्हीडी ड्राइव्हमध्ये असलीच पाहिजे, ही अट ज्या कारणांसाठी घालण्यात आली ती कारणे केव्हाच सरली. अट मात्र त्या खेळांच्या आत अजून जशीच्या तशी बसून आहे. ज्यांनी पैसे मोजून हे खेळ घेतले, इतकी वर्षे जपले आणि जे आजही ते खेळू इच्छितात, अशांपैकी मी एक आहे. माझे म्हणणे एवढेच आहे, की ज्या खेळांचे हक्क आज कोणाकडे ना कोणाकडे आहेत त्या हक्कधारकांनी डिस्कची तपासणी काढून टाकणारा अधिकृत पॅच, म्हणजे खेळात बदल करणारी दुरुस्तीची फाइल, द्यावा, आणि असा पॅच देणारे जिथे कोणी उरलेले नाही तिथे खरेदीदाराला स्वतःच्या प्रतीपुरती ही तपासणी वगळण्याची मुभा कायद्याने स्पष्ट शब्दांत द्यावी.

माझ्या कपाटात सुमारे पंचवीस वर्षांपूर्वी घेतलेला डावपेचांचा एक खेळ आहे. मूळ खोके, माहितीपुस्तिका, पुस्तिकेच्या मागच्या पानावर चिकटवलेला परवाना क्रमांक आणि सीडी, सारे मी सांभाळून ठेवले आहे. आताच्या संगणकाला डिस्क ड्राइव्ह नसल्यामुळे मी यूएसबीला जोडायचा वेगळा ड्राइव्ह घेतला. खेळ इन्स्टॉल होताना एकही अडचण आली नाही, पुस्तिकेवरचा क्रमांकही त्याने विनातक्रार स्वीकारला. सुरू करायला गेले तेव्हा मात्र ड्राइव्हने वेग घेतला, तो मंदावला, पुन्हा वेग घेतला, आतले भिंग एकाच जागी मागेपुढे सरकत असल्यासारखी टकटक ऐकू येऊ लागली, आणि मिनिटभराने पडद्यावर चौकट उमटली : योग्य डिस्क ड्राइव्हमध्ये घालून पुन्हा प्रयत्न करा. योग्य डिस्क ड्राइव्हमध्येच होती. ती बाहेर काढून मी दिव्यासमोर धरली, तेव्हा चंदेरी थरात कडेच्या बाजूला सुईच्या टोकाएवढे पाच-सहा प्रकाशाचे ठिपके दिसले. तेवढ्या ठिकाणी थर उडून गेला होता.

अनेकांना वाटते की सीडीची चमकती, खालची बाजू जपली म्हणजे झाले. प्रत्यक्षात ती बाजू सुमारे १.२ मिलिमीटर जाडीच्या पारदर्शक पॉलिकार्बोनेटची असते आणि तिच्यावरचे बारीक ओरखडे वाचनयंत्रणा बऱ्याच अंशी सांभाळून घेते. सीडीच्या माहितीलेखनात चूक दुरुस्त करण्याची जी पद्धत आहे, ती सुमारे अडीच मिलिमीटर लांबीच्या सलग दोषातूनही मूळ माहिती पुन्हा उभी करू शकते. खरी नाजूक बाजू वरची, म्हणजे छापील चित्राची. ॲल्युमिनियमचा परावर्तक थर त्या बाजूला लाखेच्या पातळ लेपाखाली असतो. त्या लेपाला टोक लागले किंवा कडेने हवा आणि ओल आत शिरली, की थर ऑक्सिडीकरणाने विटू लागतो. डिस्क खोक्यात बंद असली तरी हे घडते. म्हणजे आपल्या मालकीचा एकमेव पुरावा ज्या वस्तूवर ठेवला आहे, ती वस्तू वापरली तर झिजते आणि न वापरली तरीही कालांतराने निकामी होऊ शकते.

डिस्क ड्राइव्हमध्ये असण्याची गरज सुरुवातीला अगदी खरी होती, हे मी प्रामाणिकपणे नमूद करते. ‘मिस्ट’ आणि ‘द सेव्हन्थ गेस्ट’ हे खेळ १९९३ मध्ये सीडीवर आले, तेव्हा घरातल्या संगणकाची हार्ड डिस्क बहुधा काही शे मेगाबाइटांची असे आणि एका सीडीत सुमारे ६५० मेगाबाइट माहिती मावत असे. अख्खी सीडी हार्ड डिस्कवर उतरवण्याचा प्रश्नच नव्हता. खेळ सीडीवरूनच चालत असे. १९९५ चा ‘फँटास्मागोरिया’ तर सात सीडींचा होता आणि पुढचे प्रकरण आले की पुढची सीडी घालावी लागे. १९९६ च्या ‘क्वेक’मध्ये संगीत हे सीडीवर गाण्यांसारख्या स्वतंत्र ट्रॅकांच्या रूपात होते. डिस्क काढली तर खेळ चालू राही, पण मुका. त्या काळी डिस्क म्हणजेच खेळ होता आणि ती ड्राइव्हमध्ये ठेवायला लावण्यात कोणाची अडवणूक नव्हती.

हार्ड डिस्क मोठ्या झाल्या, संपूर्ण खेळ त्यांच्यावर मावू लागला, आणि इथे डिस्कचे काम बदलले. कोठाराची किल्ली झाली. किल्लीची कल्पना तशी जुनीच होती. फ्लॉपीच्या काळात माहितीपुस्तिकेतल्या अमुक पानावरचा तमुक शब्द टाइप करायला लावणारे खेळ होते. १९९० च्या ‘द सीक्रेट ऑफ मंकी आयलंड’बरोबर समुद्री चाच्यांचे चेहरे जुळवण्याचे पुठ्ठ्याचे चक्र येई आणि त्यावरून मिळालेले उत्तर दिल्याशिवाय खेळ पुढे सरकत नसे. पण पुस्तिका आणि चक्र ही कागदाची साधने होती; ती वाचायला डोळे पुरेसे होते. डिस्कच्या किल्लीला मात्र चालू ड्राइव्ह लागतो, त्या ड्राइव्हशी बोलू शकणारी ऑपरेटिंग सिस्टिम लागते, आणि या तिन्हींपैकी एक जरी निकामी झाले तरी कुलूप उघडत नाही.

हे कुलूप कसे बनवले होते, ते समजून घेतल्याशिवाय आजची अडचण लक्षात येणार नाही. १९९८ च्या सुमारास ‘सेफडिस्क’ ही संरक्षणप्रणाली आली आणि पाठोपाठ ‘सेक्युरॉम’, ‘स्टारफोर्स’ अशा इतरही आल्या. डिस्कवर फक्त विशिष्ट नावाची फाइल आहे का एवढेच त्या पाहत नसत, कारण तशी फाइल कोणीही नक्कल करू शकतो. त्यांनी डिस्कच्या भौतिक घडणीलाच ओळखपत्र बनवले. सेफडिस्कच्या पहिल्या आवृत्त्यांत डिस्कवरचे काही सेक्टर, म्हणजे माहितीचे छोटे कप्पे, मुद्दाम सदोष ठेवलेले असत. नक्कल करणारे सॉफ्टवेअर तिथे अडखळे. पुढच्या आवृत्तीत कमकुवत सेक्टरांची युक्ती आली : बिटांचा असा काही क्रम, जो कारखान्यातल्या साच्यातून नीट उमटतो पण घरी डिस्क लिहिणाऱ्या ड्राइव्हला, म्हणजे बर्नरला, तो अचूक लिहिता येत नाही. सेक्युरॉमने मुख्य माहितीला समांतर चालणाऱ्या उपवाहिनीत खुणा पेरल्या, आणि नंतर तर एका सेक्टरपासून दुसऱ्या सेक्टरपर्यंत पोहोचायला ड्राइव्हला किती वेळ लागतो हे मोजून त्या डिस्कवर माहिती किती दाट लिहिली आहे याचा आलेख ताडून पाहायला सुरुवात केली. अभियांत्रिकी म्हणून हे सारे अत्यंत हुशारीचे काम होते, यात शंका नाही.

पण या हुशारीची मोजमापे कमालीची नाजूक होती. ड्राइव्ह जुना झाला, भिंगावर धूळ बसली, किंवा एखाद्या निर्मात्याचा ड्राइव्ह जरा वेगळ्या रीतीने चुका दुरुस्त करत असला, की अस्सल डिस्कसुद्धा नकली ठरे. माझ्या डिस्कवर खेळाच्या सर्व फाइली आजही वाचता येतात, म्हणूनच तो इन्स्टॉल झाला. वाचता येत नाही ती फक्त तपासणीची जागा. खेळासाठी जी माहिती लागते ती शाबूत आहे आणि जिचा खेळाशी काडीचाही संबंध नाही, तिच्या अभावी खेळ बंद पडला आहे. ड्राइव्ह सतत फिरत ठेवण्याचा त्रास वेगळाच. ५२ एक्स वेगाचा ड्राइव्ह मिनिटाला दहा हजारांच्या आसपास फेरे घेतो, आणि मधल्या कड्याजवळ बारीक तडा गेलेली डिस्क त्या वेगात आतल्या आत फुटल्याचे प्रकार घडलेले आहेत. ज्या डिस्कवर सारी भिस्त, तीच दर वेळी अशा धोक्यात घालायची, ही या योजनेतली मोठी विसंगती आहे.

याहून गंभीर भाग ऑपरेटिंग सिस्टिमचा आहे. सेफडिस्कची तपासणी करण्यासाठी ‘सेकड्रिव्ह’ नावाचा ड्रायव्हर (ऑपरेटिंग सिस्टिमला जोडलेला छोटा साहाय्यक कार्यक्रम) विंडोजच्या गाभ्यात, म्हणजे सर्वाधिक अधिकार असलेल्या थरात चालत असे. २००७ मध्ये त्याच ड्रायव्हरमध्ये सुरक्षेची त्रुटी आढळली आणि मायक्रोसॉफ्टला ती दुरुस्त करावी लागली. पुढे २०१५ मध्ये मायक्रोसॉफ्टने विंडोज १० मधून तो ड्रायव्हर वगळला, आणि त्याच वर्षीच्या सप्टेंबरमधल्या सुरक्षा अद्यतनाने विंडोज व्हिस्टा, ७, ८ आणि ८.१ वरही तो बंद केला. सुरक्षेच्या दृष्टीने हा निर्णय योग्यच होता आणि मी त्याला दोष देत नाही. एवढे जुने आणि एवढे अधिकार असलेले सॉफ्टवेअर उघडे ठेवणे धोक्याचे होते. परंतु त्याचा परिणाम असा झाला, की ज्यांच्या घरी डिस्क निर्दोष होती, ड्राइव्ह उत्तम होता, पावतीसुद्धा जपलेली होती, त्यांचेही खेळ एका अद्यतनानंतर सुरू होईनासे झाले. कुलूप उघडणारी यंत्रणाच काढून घेतली गेली आणि दार मात्र बंदच ठेवले गेले. अशा वेळी कुलूप काढून देण्याची जबाबदारी ज्याने ते लावले त्याची होते, असे माझे स्पष्ट मत आहे.

ती जबाबदारी पाळता येते, याची उदाहरणे आहेत आणि ती चांगल्या मोठ्या प्रकाशकांची आहेत. ब्लिझार्डने २००८ मध्ये ‘स्टारक्राफ्ट’, ‘डायब्लो २’ आणि ‘वॉरक्राफ्ट ३’ या आपल्या तिन्ही लोकप्रिय खेळांसाठी पॅच काढून डिस्कची अट रद्द केली. स्टारक्राफ्टच्या बाबतीत सीडीवरची मोठी माहिती-फाइल खेळाच्या फोल्डरमध्ये नेऊन ठरलेले नाव दिले की पुरेसे होते. त्यानंतर सीडी खोक्यात परत गेली ती गेलीच. तो खेळ तेव्हा दहा वर्षांचा झाला होता. स्टारडॉकने २००६ मध्ये ‘गॅलॅक्टिक सिव्हिलायझेशन्स २’ बाजारात आणला तोच मुळी डिस्कवर कसलेही संरक्षण न ठेवता, आणि ज्याने खरेदीची नोंद केली त्याला अद्यतने, हा साधा व्यवहार ठेवला. आयडी सॉफ्टवेअरने ‘डूम’चा स्रोतसंकेत, म्हणजे सोर्स कोड, १९९७ मध्ये आणि ‘क्वेक’चा १९९९ मध्ये खुला केला. त्यामुळे आज ज्याच्याकडे मूळ खेळाच्या माहिती-फाइली आहेत त्याला तो जवळजवळ कोणत्याही संगणकावर खेळता येतो. जुने खेळ नव्या संगणकांवर चालवणाऱ्या ‘स्कमव्हीएम’ आणि ‘डॉसबॉक्स’ या स्वयंसेवकांनी उभ्या केलेल्या प्रकल्पांमुळे त्याआधीचे कितीतरी खेळ जिवंत राहिले आहेत. २००८ मध्ये सुरू झालेल्या ‘गॉग’ या विक्रीसेवेने तर जुने खेळ कोणत्याही कुलपाविना विकून दाखवले आहेत.

प्रकाशकांची बाजू मला समजते. खेळ बाजारात आल्यानंतरच्या पहिल्या काही आठवड्यांतच त्याची बरीचशी विक्री होते आणि तेवढ्या काळात सहज नक्कल होऊ नये ही त्यांची इच्छा रास्त आहे. शेकडो माणसांची काही वर्षांची मेहनत एखाद्या खेळामागे असते, आणि चोरट्या प्रतींमुळे त्यांचे नुकसान होते हे नाकारण्यात अर्थ नाही. म्हणूनच मी नव्या खेळांबद्दल काही मागत नाही. मी बोलते आहे ते पंधरा-वीस-पंचवीस वर्षांपूर्वीच्या, ज्यांची विक्री केव्हाच थांबली आहे अशा खेळांबद्दल. तिथे आता विक्रीचे कोणते नुकसान व्हायचे राहिले आहे? शिवाय जो पैसे देणारच नव्हता त्याच्यापुढे ही तपासणी कधीच फार काळ टिकली नाही. तपासणी वगळलेली, खेळ सुरू करणारी मुख्य फाइल, जिला सगळे ‘नो-सीडी क्रॅक’ म्हणून ओळखतात, ती बहुतेक खेळांसाठी थोड्याच दिवसांत फिरू लागे. डिस्क हुडकणे, ती पुसणे, पुन्हा घालणे, ड्राइव्ह बदलणे हे सारे सोसले ते ज्यांनी पूर्ण पैसे भरले त्यांनी.

यातली एक घटना मला फार बोलकी वाटते. २००८ मध्ये यूबीसॉफ्टच्या ‘रेनबो सिक्स : व्हेगास २’ या खेळाला पॅच लावल्यानंतर, ज्यांनी तो डाउनलोड करून विकत घेतला होता त्यांच्याकडेही डिस्क मागितली जाऊ लागली, त्यांच्याकडे डिस्क कधीच नव्हती. त्यांची सोय करण्यासाठी कंपनीच्या मदत-पानावर जी दुरुस्तीची फाइल देण्यात आली, ती तपासून पाहणाऱ्यांना तिच्यात एका क्रॅक करणाऱ्या गटाची खूण सापडली. म्हणजे आपल्याच ग्राहकांना आपल्याच कुलपातून सोडवण्यासाठी ती फाइल देणाऱ्यांनी चोरट्या वाटेवरची किल्ली उचलली होती. ती फाइल नंतर काढून टाकण्यात आली. प्रामाणिक ग्राहकाला त्या वाटेने जायला किती सहज भाग पडते, हे यातून दिसते.

आणि ती वाट धोक्याची आहे, हे मी इथे आवर्जून सांगते, कारण हे पत्र वाचून कोणी तिकडे वळू नये अशी माझी इच्छा आहे. अशा फाइली अनोळखी ठिकाणांहून घ्याव्या लागतात. त्यांत आणखी काय दडवले आहे हे सर्वसामान्य माणसाला कळण्याचा मार्ग नसतो. अँटिव्हायरस त्यांना बहुतेक वेळा धोकादायक ठरवतो. कधी तो इशारा खोटा असतो आणि कधी अगदी खरा असतो, आणि नेमका कोणता केव्हा हे ओळखता येत नाही. फाइल खेळाच्या नेमक्या त्याच आवृत्तीसाठी नसेल तर जपून ठेवलेले डाव उघडत नाहीत, आणि ऑनलाइन खेळताना बदललेली फाइल फसवणूक समजून खाते बंद होण्याची शक्यता असते. अधिकृत पॅच मिळाला तर यातले काहीच करावे लागणार नाही.

तांत्रिकदृष्ट्या असा पॅच देणे प्रकाशकाला जड नाही. सेफडिस्कसारखे संरक्षण हे खेळ तयार झाल्यावर अगदी शेवटच्या टप्प्यात त्याच्या मुख्य फाइलवर चढवलेले वेष्टन असे. वेष्टनाआधीची मूळ फाइल निर्मात्यांकडे तयार होतीच. ती जपली असेल तर तीच फाइल खेळणाऱ्यांपुढे ठेवायची आहे. परवाना क्रमांकाची अट हवी तर तशीच राहू द्यावी, कारण पुस्तिकेवरचा तो क्रमांक टाइप करायला माझी काहीच हरकत नाही.

डिस्कची इमेज, म्हणजे अख्ख्या डिस्कची एका फाइलमधली नक्कल, करून ठेवणे हा उपाय पुष्कळांना सुचेल. तो चांगला आहे आणि ज्यांच्याकडे जुन्या डिस्क आहेत त्यांनी तो आजच करावा. विंडोज ८ पासून आयएसओ या प्रकारची इमेज-फाइल थेट उघडता येते, वेगळे सॉफ्टवेअरही लागत नाही. मात्र आयएसओमध्ये फक्त माहिती-फाइली येतात. ‘क्वेक’सारख्या डिस्कवरचे संगीताचे ट्रॅक त्यात उतरत नाहीत, त्यासाठी बिन आणि क्यू या जोडफाइलींचा मार्ग धरावा लागतो. आणि तपासणीच्या खुणा तर साध्या इमेजमध्ये येतच नाहीत. आभासी ड्राइव्ह उभा करणारी सॉफ्टवेअरे ही उणीव भरून काढू लागली, तेव्हा संरक्षणप्रणालींनी तशी सॉफ्टवेअरे संगणकावर नुसती दिसली तरी खेळ सुरू न करण्याचा पवित्रा घेतला. स्वतःच्या डिस्कची झीज वाचवणाऱ्या ग्राहकाला त्यांनी संशयिताच्या रांगेत उभे केले, ही गोष्ट मला आजही खटकते.

कायद्याच्या बाबतीत चित्र विचित्र आहे. सॉफ्टवेअर कायदेशीरपणे वापरणाऱ्याला सुरक्षिततेसाठी राखीव प्रत करता आली पाहिजे, हे तत्त्व जगभर बऱ्याच ठिकाणी मान्य झालेले आहे. अमेरिकेच्या कॉपीराइट कायद्यातील कलम ११७, युरोपीय संघाचा संगणकप्रणालींविषयीचा निर्देश आणि भारताच्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यातील कलम ५२ या तिन्हींत ते आहे. पण १९९८ च्या अमेरिकी कायद्याने कुलूप ओलांडण्याच्या कृतीलाच मनाई केली, मग त्यामागचा हेतू काहीही असो. परिणामी राखीव प्रत करण्याचा हक्क कागदावर आणि ती प्रत चालवण्याची बंदीही कागदावर, अशी स्थिती झाली. भारतात २०१२ मध्ये आलेल्या कलम ६५-अ ने हक्कभंगाच्या उद्देशाने कुलूप तोडणे हा गुन्हा ठरवला. इथे उद्देशाचा विचार झाला आहे, हे मला अधिक न्याय्य वाटते, तरी स्वतःच्या जुन्या खेळासारख्या प्रसंगाबद्दल स्पष्ट शब्द असते तर ग्राहक निर्धास्त झाला असता.

अमेरिकी कायद्यातही दर तीन वर्षांनी अपवाद ठरवण्याची सोय आहे, आणि २००३ मध्येच तिथे एक महत्त्वाचा अपवाद मान्य झाला होता : कालबाह्य झालेल्या माध्यमांवर वितरित झालेले आणि सुरू होण्यासाठी मूळ माध्यम किंवा यंत्र मागणारे संगणकीय कार्यक्रम व खेळ. या पत्राचा विषय जणू त्या एका वाक्यात आला आहे. दुर्दैवाने २००६ च्या फेरीत तो अपवाद ग्रंथालये आणि अभिलेखागारांच्या जतनकार्यापुरता आकुंचित केला गेला आणि सामान्य खरेदीदार त्यातून बाहेर पडला. २०१५ मध्ये, ज्या खेळांचे परवाना पडताळणारे सर्व्हर बंद झाले त्यांच्यासाठी व्यक्तींनाही मुभा मिळाली. सर्व्हर गेला तर मुभा मिळते, तर ड्रायव्हर गेला, ड्राइव्ह गेला, डिस्क विटली तर का मिळू नये? दोन्ही ठिकाणी ग्राहकाचा काहीच दोष नाही. व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशनने २०२३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीत, २०१० पूर्वी अमेरिकेत प्रकाशित झालेल्या खेळांपैकी ८७ टक्के आज बाजारात उपलब्ध नाहीत असे आढळले होते. विकत घ्यायला मिळतच नाहीत, त्या खेळांची घराघरांत पडलेली मूळ प्रत हाच त्यांचा मोठा आधार आहे.

डिस्कची सक्ती काढताना तिच्या जागी दुसरी सक्ती आणू नये, ही विनंती मी तितक्याच आग्रहाने करते. हा अनुभव आपण घेतलेला आहे. २००८ मध्ये ‘स्पोअर’ या खेळाने डिस्क मागितली नाही, पण इंटरनेटवरून फक्त तीन वेळा सक्रिय करण्याची मर्यादा घातली, आणि खेळणाऱ्यांच्या तीव्र नाराजीनंतर ती वाढवावी लागली. २०१० मध्ये काही खेळांना कायम इंटरनेट जोडणीची अट आली, आणि सर्व्हर बंद पडले त्या दिवशी विकत घेणारे बाहेर राहिले. ‘द क्रू’ हा खेळ तर ३१ मार्च २०२४ रोजी सर्व्हरसह कायमचा बंद झाला. ज्यांच्याकडे त्याची डिस्क होती त्यांच्या हाती फक्त डिस्क उरली. त्यानंतर उभ्या राहिलेल्या ‘स्टॉप किलिंग गेम्स’ या मोहिमेच्या, विकलेले खेळ खेळण्याजोगे ठेवावेत या मागणीला युरोपात दहा लाखांहून अधिक नागरिकांनी सह्या दिल्या, त्या उगाच नव्हेत.

डिस्कला एक मोठा गुण होता, तोही इथे मांडला पाहिजे. डिस्क हातात देता येत असे. मित्राला खेळायला देता येई, खेळून झाल्यावर विकता येई. १९९५ च्या ‘कमांड अँड कॉन्कर’च्या दोन सीडींपैकी एक स्वतःच्या आणि दुसरी मित्राच्या संगणकात घालून एकाच खरेदीत दोघांना समोरासमोर खेळता येत असे. स्टारक्राफ्टच्या एका सीडीवरून मित्रांच्या संगणकांवर मर्यादित स्वरूपाची प्रत टाकून एकत्र खेळण्याची सोय होती. २०१३ मध्ये मायक्रोसॉफ्टने एक्सबॉक्स वन या खेळयंत्रासाठी डिस्क न घालता खेळण्याची सोय जाहीर केली, पण तिच्याबरोबर दर २४ तासांनी इंटरनेटवरून पडताळणी आणि देवघेवीवर बंधने आणली; लोकांनी विरोध केला आणि काही दिवसांतच ती योजना मागे घेऊन डिस्क ड्राइव्हमध्ये ठेवण्याची जुनीच पद्धत राखण्यात आली. लोकांनी तेव्हा गैरसोय निवडली, कारण तिच्यात मालकी होती. जुन्या खेळांच्या पॅचमध्ये या दोन गोष्टींपैकी एक निवडण्याची वेळच येत नाही. तपासणी निघाली तरी डिस्क, पुस्तिका आणि क्रमांक ज्याच्याकडे आहे त्याचीच मालकी राहते, आणि त्याला ती पुढे देता येते.

म्हणून हक्कधारकांकडे माझी मागणी अशी आहे, की ज्या खेळांची डिस्क-आवृत्ती दहा वर्षांहून अधिक काळ विक्रीत नाही, त्यांच्यासाठी डिस्कची तपासणी वगळलेली फाइल आपल्या अधिकृत संकेतस्थळावर ठेवावी. ज्या कंपन्या जुन्या खेळांचे हक्क विकत घेतात, त्यांनी खेळाच्या नावाबरोबर त्या खेळाच्या जुन्या ग्राहकांचीही जबाबदारी घ्यावी. आणि कायदा करणाऱ्यांनी, राखीव प्रत करण्याच्या हक्कात ती प्रत चालवता येण्याचा हक्क अंतर्भूत आहे, हे एका वाक्यात लिहून टाकावे.

माझ्या त्या डिस्कवरच्या सर्व फाइली मी गेल्या आठवड्यात उतरवून घेतल्या आणि दोन ठिकाणी जपून ठेवल्या आहेत. एकही फाइल खराब निघाली नाही. खेळ अजूनही मूळ डिस्क मागतो आहे.

आपली नम्र,
एक नियमित वाचक